मोठ्या रीफ टँकमध्ये कोणते मासे एकत्र नांदतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सगळी उत्तरं सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशा प्रवाळाच्या टँकसाठी आहेत. तुमचा टँक याहून लहान असेल तर टँगबद्दलचा (टँग म्हणजे शेवाळ खाणारे, सतत पोहणारे चपटे मासे) भाग सोडून द्या, बाकीचं बहुतेक लागू पडेल.

या मापाच्या टँकमध्ये पाणी किती मावतं?

२४ घनफूट म्हणजे काठोकाठ भरलं तर सुमारे ६८० लिटर. वरचा काठ मोकळा सोडला, खडक आणि वाळू वजा केली की साडेपाचशेच्या आसपास उरतं. संपमधलं (म्हणजे टँकला जोडलेल्या फिल्टरच्या टाकीतलं) पाणी वेगळं. माशांचा हिशेब या उरलेल्या पाण्यावर करायचा. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाणी, खडक, काच आणि स्टँड मिळून वजन जवळपास टनभर होतं हे लक्षात घ्या, आणि जागा ठरवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

मग मासे किती ठेवायचे?

इतक्या लिटरला एक मासा, इतक्या इंचाला इतकं पाणी असली सूत्रं रीफ टँकला कामाची नाहीत. दहा सेंटिमीटरचा टँग आणि दहा सेंटिमीटरचा गोबी यांची लांबी सारखी असली तरी एक दिवसभर टँकची लांबी मोजत फिरतो आणि दुसरा आपल्या बिळापासून वीतभर लांब जात नाही. मी या टँकसाठी बारा ते पंधरा मासे सांगतो, त्यातले निम्म्याहून जास्त पूर्ण वाढल्यावरही दहा सेंटिमीटरच्या आत राहणारे. त्यापुढे नायट्रेट आणि फॉस्फेट वाढू लागतात, स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र) लावला आणि पाणीबदल कितीही केला तरी प्रवाळांचा रंग उतरतो. आणि पाणी स्वच्छ राहिलं तरी रात्री झोपायला प्रत्येकाला स्वतःची कपार लागते. कपारी कमी पडल्या की संध्याकाळी दिवे मंद होताना पाठलाग सुरू होतात. खडक रचतानाच त्यात पोकळ्या, बोगदे, दोन-तीन वेगळे ढीग ठेवले तर नंतरची निम्मी भांडणं टळतात.

दुकानात ‘रीफ सेफ’ म्हणतात, म्हणजे नक्की काय?

म्हणजे तो मासा साधारणपणे प्रवाळ खात नाही, एवढंच. तो इतर माशांशी कसा वागेल, कोळंबी आणि गोगलगायी शाबूत ठेवेल का, हे त्यात येत नाही. सिक्स-लाईन रास (रास म्हणजे wrasse, लांबट रंगीत माशांचं एक कुळ) प्रवाळाला तोंड लावत नाही, पण लहान टँकमध्ये नंतर आलेल्या माशाला कोपऱ्यात दाबून मारू शकतो. उलट कोरल ब्यूटीसारखा ठेंगणा एंजल माशांशी बऱ्यापैकी जमवून घेतो, पण एखाद्या दिवशी मांसल प्रवाळ चाखायला लागतो. म्हणून प्रत्येक माशाबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारा: प्रवाळाशी कसा, माशांशी कसा, कवचवाल्यांशी कसा.

सुरुवात क्लाउन माशापासून करावी का?

हो, आणि टँकमध्ये जन्मलेल्या जोडीपासून. ओसेलारिस क्लाउन कित्येक वर्षांपासून बंदिस्त जागेत वाढवले जातात. आपल्याकडेही केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनची पैदास केली आहे, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानने त्यांची हॅचरी चालवली आहे. हॅचरीतला मासा गोळी खायला शिकलेला असतो आणि काचेच्या भिंतींची त्याला सवय असते.

जोडी लावताना एक मोठा आणि एक लहान घ्या. क्लाउन सगळे नर म्हणून वाढतात. गटातला सर्वांत वरचढ मासा मादी होतो, त्याच्या खालचा नर राहतो. दोन सारख्याच मोठ्या आणि तापट क्लाउनना एकत्र सोडलं तर दोघीही मादी असण्याची शक्यता असते, आणि मग एकीचा जीव जातो. एका टँकमध्ये क्लाउनची एकच जात, एकच जोडी. मरून क्लाउन घ्यायचा मोह आवरा. रंग देखणा असतो, पण मादी पंधरा सेंटिमीटरच्या वर जाते आणि टँकचा अर्धा भाग आपला मानते.

ॲनिमोन, म्हणजे क्लाउन ज्याच्या दंश करणाऱ्या स्पर्शकांत राहतो तो फुलासारखा दिसणारा जीव, नसला तरी क्लाउनचं काही अडत नाही. कार्पेट ॲनिमोन तर बाकीच्या माशांसाठी धोक्याचाच आहे. वाट चुकलेला गोबी किंवा घाबरून धावलेला रास त्याला चिकटला की सुटत नाही.

दोन-तीन टँग एकत्र राहतील का?

या टँकमध्ये दोन आरामात, तीन विचार करून. टँगच्या शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना चाकूच्या पात्यासारखा काटा असतो. भांडणात तो बाहेर काढून टँग शेजारून झपकन वळतो, आणि समोरच्याच्या अंगावर चीर पडते. त्यामुळे टँगची भांडणं बाकीच्या माशांच्या कुरबुरींसारखी सोडून देता येत नाहीत.

भांडण बहुधा सारख्या अंगलटीच्या माशांत होतं. पिवळा टँग आणि त्याच्याच झेब्रासोमा गटातला दुसरा कुठलाही टँग यांची उंच, चपटी ठेवण एकसारखी आहे. ते एकमेकांना प्रतिस्पर्धी समजतात. टोमिनी किंवा कोले टँगसारखे टेनोकीटस गटातले मासे मात्र तोंडाने खडकावरचा बारीक थर खरवडतात, त्यांचं अंगही वेगळं. म्हणून एक झेब्रासोमा आणि एक टेनोकीटस ही माझ्या मते सहा फुटांसाठी सर्वांत चांगली जोडी. पिवळा टँग वीस सेंटिमीटरपर्यंत जातो, टोमिनी पंधराच्या आसपास थांबतो.

तिसरा म्हणून लोक निळा टँग मागतात. दुकानात तो पाच सेंटिमीटरचा, बोटाएवढा असतो. पूर्ण वाढलेला निळा टँग तीस सेंटिमीटरचा होतो. सहा फुटांत तो काही वर्षं ठीक राहतो, त्याहून मोठी जागा देता येणार नसेल तर घेऊ नका. पावडर ब्लू लक्षद्वीपच्या आणि मालदीवच्या पाण्यातला, म्हणजे आपल्याच महासागरातला. दिसायला तो सगळ्यांत सुंदर, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला सगळ्यांत आधी बळी पडतो आणि स्वभावाने जहाल. अनुभवी माणसाने, एकटाच, सर्वांत शेवटी आणावा. क्लाउन टँग आणि सोहाल या मापाच्या टँकसाठी नाहीत.

दोन टँग आणायचे असतील तर शक्य तर एकाच दिवशी, सारख्या नव्हे तर वेगळ्या आकाराचे आणा.

मासे कोणत्या क्रमाने सोडायचे?

या पानावरचं हे सर्वांत महत्त्वाचं उत्तर आहे. कोणता मासा कोणाशी जुळतो याचे तक्ते सगळीकडे मिळतात, पण तोच संच उलट्या क्रमाने सोडला तर निकाल उलटा लागतो. लोकलमध्ये आधी चढून खिडकी पकडलेला माणूस जसा ती जागा आपली समजतो, तसा आधी आलेला मासा खडक आपला समजतो. म्हणून भित्रे आधी, सरळमार्गी नंतर, टँग त्यांच्यामागून आणि तापट सर्वांत शेवटी.

पहिल्या फेरीत फायरफिश, गोबी, कार्डिनल असे मासे सोडा. त्यांना कोणाचा धाक नसतो तेव्हाच ते मोकळे पोहायला आणि समोर येऊन खायला शिकतात. मग क्लाउनची जोडी. मग अँथियास किंवा फेअरी रास. त्यानंतर टँग. एंजल ठेवायचाच असेल तर तो सगळ्यांच्या मागून. दोन फेऱ्यांत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा. फिल्टरमधल्या जिवाणूंना वाढलेला भार पेलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात आधीच्या माशांची हद्दही ठरून जाते.

डॅमसेल मासे स्वस्त आणि चिवट, म्हणून टँक सुरू करताना ते सोडण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. तो मानू नका. तीन काळ्या पट्ट्यांचा डॅमसेल महिन्याभरात सगळा खडक ताब्यात घेतो, आणि त्याला बाहेर काढायचं तर खडक उचकटावा लागतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास स्नॉर्केलिंग करताना दिसणारे पट्टेरी सार्जंट मासेही याच कुळातले. समुद्रात ते शोभतात, टँकमध्ये इतरांना जगू देत नाहीत. शिवाय मालवणचं ते पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथून काहीही उचलायचं नसतं.

टँकमध्ये थवा हवा आहे. कोणते मासे?

बहुतेक जण हिरवे क्रोमिस सात-आठ आणतात. सुरुवातीला थवा छान दिसतो, मग खालच्या क्रमांकाचा मासा एकेक करून मारला जातो आणि वर्षभरात दोन-तीनच उरतात. क्रोमिस ठेवणार असाल तर हे गृहीत धरूनच ठेवा.

लायरटेल अँथियास जास्त समाधान देतात, मात्र त्यांना वेळ द्यावा लागतो. एक नर आणि चार-पाच माद्या असा कळप घ्या. नर मेला तर वरचढ मादी नर होते, म्हणून दुसरा नर शोधायची गरज नसते. समुद्रात हे मासे प्रवाहात वाहत येणारे सूक्ष्म जीव दिवसभर टिपत असतात. त्यांना दिवसातून एकदा खायला घालून चालत नाही. तीन वेळा थोडं थोडं हवं. घरातले सगळे सकाळी बाहेर पडत असतील तर ऑटो फीडर लावा, किंवा अँथियास घेऊ नका.

पायजमा कार्डिनल हा शांत पर्याय. ते संथ तरंगत राहतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. बांगाई कार्डिनलचा मात्र गट टिकत नाही. त्यातली जोडी जुळली की बाकीच्यांना मारते. नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं सुटेपर्यंत खात नाही. हा मासा इंडोनेशियातल्या बांगाई बेटांभोवतीच्या छोट्याशा भागातच मूळचा आहे आणि संकटग्रस्त आहे, म्हणून हॅचरीतला असेल तरच घ्या.

रास ठेवले की उडी मारून मरतात, हे खरं आहे का?

अगदी खरं. फेअरी रास, फ्लॅशर रास आणि फायरफिश दचकले की सरळ वर झेप घेतात. वरून बारीक जाळीचं झाकण लावल्याशिवाय यातला कोणताही आणू नका. काचेचं झाकण नको, त्याने हवा कोंडते आणि पाणी तापतं.

झाकण असेल तर रीफ टँकसाठी राससारखा मासा नाही. फेअरी रासचा नर मादीसमोर पंख फुलवतो तेव्हा सगळा टँक उजळतो. वेगवेगळ्या जातींचे दोन-तीन नर एकत्र राहू शकतात, फक्त रंग सारखे नसावेत. काही जाती रात्री स्वतःभोवती चिकट कोष विणून झोपतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला मासा आजारी वाटतो. पिवळा रास आणि मेलानुरस वाळूत शिरून झोपतात, त्यांना निदान पाच सेंटिमीटर बारीक वाळू हवी. हे दोघे चपटे किडे आणि उपद्रवी बारीक गोगलगायी खातात, पण लहान कोळंबीही खातात.

एंजल आणि बटरफ्लाय?

एम्परर एंजलचं पिल्लू निळ्यावर पांढऱ्या वर्तुळांचं असतं, मोठेपणी अंगावर पिवळे पट्टे येतात आणि लांबी चाळीस सेंटिमीटरच्या घरात जाते. प्रवाळ आणि स्पंज हे त्याचं खाणं. रीफ टँकमध्ये नको. ठेंगण्या एंजलांपैकी फ्लेम एंजल अनेकांकडे वर्षानुवर्षं सरळ राहतो आणि काहींकडे झोॲन्थिड (छोट्या फुलांच्या गुच्छासारखी मऊ, प्रवाळासारखी वसाहत) कुरतडतो. हमी कोणीही देऊ शकत नाही. महागडे प्रवाळ असतील तर धोका पत्करू नका. एंजलच हवा तर गेनिकँथस गटातला स्वॅलोटेल घ्या. तो मधल्या पाण्यात पोहून सूक्ष्म जीव खातो आणि प्रवाळाकडे फिरकत नाही.

बटरफ्लायबद्दल थोडक्यात: नको. त्यातल्या काही जाती फक्त जिवंत प्रवाळच खातात आणि टँकमध्ये उपाशी मरतात. कॉपरबँड बटरफ्लाय एप्टेशिया (टँकभर पसरणारा उपद्रवी छोटा ॲनिमोन) खातो म्हणून आणला जातो, पण पुष्कळदा दुसरं काही खायलाच शिकत नाही. दुकानात तुमच्या डोळ्यांसमोर फ्रोझन मायसिस (गोठवलेली बारीक कोळंबी) खाल्लं तरच विचार करा.

मँडरीन इतका छोटा आणि शांत, तो तरी ठेवू का?

भांडणाच्या दृष्टीने मँडरीनबद्दल काही तक्रार नाही. प्रश्न त्याच्या पोटाचा आहे. तो दिवसभर खडकावरचे कोपेपॉड (अगदी बारीक कवचधारी जीव) टिपतो, आणि नवीन टँकमध्ये ते पुरेसे नसतात. निदान वर्षभर जुना, भरपूर लाईव्ह रॉक (जिवाणू आणि सूक्ष्म जीव वसलेला खडक) असलेला टँक हवा. एकच मँडरीन ठेवा, आणि सिक्स-लाईन रास सोबत नको, कारण तोही तेच खातो. बारीक होत गेलेला, पोट आत गेलेला मँडरीन दुकानात दिसला तर दया येते हे समजू शकतो, पण तो विकत घेतला की त्याच्या जागी दुसरा मागवला जातो.

कोणते मासे कुठल्याही परिस्थितीत नकोत?

लायनफिश प्रवाळाला काही करत नाही, पण तोंडात मावेल तो प्रत्येक मासा गिळतो, आणि त्याच्या काट्यात विष असतं. ग्रुपरचंही तेच, फक्त तोंड मोठं. क्लाउन ट्रिगर पन्नास सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि कोळंबी, गोगलगायी, पंपाच्या वायरी, सगळं चावून बघतो. पफर प्रवाळ कुरतडतो. क्लीनर रास इतर माशांच्या अंगावरचे परजीवी खाऊन जगतो. टँकमध्ये ते पुरत नाहीत आणि तो बहुधा उपासमारीने जातो. त्याऐवजी क्लीनर कोळंबी ठेवा. ती फ्रोझन खाण्यावर मजेत राहते.

फॉक्सफेस या यादीत नाही. शेवाळ खाणारा, टँगशी सहसा न भांडणारा चांगला मासा आहे. फक्त त्याच्या पाठीचे काटे विषारी असतात. टँकमध्ये हात घालताना तो कुठे आहे ते बघा. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवा आणि डॉक्टरांकडे जा.

गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी खरंच जमते?

जमते, आणि मुलांना टँकसमोर तासभर खिळवून ठेवते. कोळंबीला फार अंधुक दिसतं. ती बीळ खणते, वाळू ढकलत बाहेर येते, आणि तिची एक मिशी सतत गोबीच्या शेपटीला टेकलेली असते. गोबीने शेपटी थरथरवली की ती आत. पिवळा वॉचमन गोबी आणि टायगर पिस्तूल कोळंबी ही सोपी जोडी. खडक वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर ठेवा, नाहीतर खणता खणता ढीग कोसळतो.

क्वारंटाईन न करता चालेल का?

नाही. रीफ टँकमध्ये रोग शिरला की औषध टाकता येत नाही, कारण पांढऱ्या ठिपक्यांवर चालणारं कॉपर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी सगळ्यांना मारतं. मग सगळे मासे पकडून वेगळे ठेवायचे आणि टँक सुमारे अडीच महिने माशांविना चालवायचा, एवढाच मार्ग उरतो. त्यापेक्षा दोन फुटांचा साधा टँक, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पाईपचे तुकडे इतकं पुरेसं आहे. नवीन मासा तिथे निदान चार आठवडे ठेवा.

क्वारंटाईनचा आणखी एक उपयोग म्हणजे मासा तिथे स्पर्धेशिवाय खायला शिकतो. खाऊन-पिऊन ताकदवान झालेला मासा मोठ्या टँकमध्ये गेला की पहिल्या दिवसाचे धक्के सोसतो. इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये काही ठिकाणी सायनाईड वापरून मासे पकडले जातात. असा मासा वरून ठणठणीत दिसतो आणि काही आठवड्यांत जातो. क्वारंटाईन केलं तर तो निदान तुमच्या मुख्य टँकमध्ये तरी मरत नाही.

उन्हाळ्यात मासे चिडचिडे होतात का?

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्या पाण्यापेक्षा आधीच कमी असतो. एप्रिल-मे मध्ये पाणी तिशीच्या वर गेलं की मासे धापा टाकतात आणि प्रवाळ पांढरे पडू लागतात. पाणी २५ ते २६ अंशांवर ठेवायला चिलर लागतोच. वीज जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवा. मोठे टँग सर्वांत आधी गुदमरतात.

प्रवाळ किंवा समुद्रघोडे समुद्रातून आणले तर?

तो गुन्हा आहे. रीफ बांधणारी प्रवाळं आणि समुद्रघोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशातून आलेली कठीण प्रवाळंही साईटिस (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या यादीत आहेत, विक्रेत्याकडे आयातीची कागदपत्रं मागा. समुद्रघोडे तसेही या टँकसाठी नाहीत. ते संथ खातात आणि टँग त्यांच्या वाट्याचं संपवून टाकतात.

माशांतही हॅचरीतले वाढत आहेत. २०१५ मध्ये हवाईच्या ओशनिक इन्स्टिट्यूटमध्ये पिवळ्या टँगची आणि २०१६ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात निळ्या टँगची पिल्लं पहिल्यांदा वाढवली गेली. महाग पडतात, पण मिळाली तर तीच घ्या.

एक तयार संच सांगाल?

क्रमाने: फायरफिशची जोडी, वॉचमन गोबी कोळंबीसह, ओसेलारिसची जोडी, एक नर आणि चार माद्या असे लायरटेल अँथियास, एक फेअरी रास आणि एक पिवळा रास, मग पिवळा टँग आणि टोमिनी टँग एकत्र. हे चौदा मासे झाले. सहा-सात महिन्यांत पूर्ण होईल असा हा संच आहे, आणि घाई केली तर यातलाच कोणी तरी जाईल.

भांडण सुरू झालंच तर काय करू?

पहिले दोन-तीन दिवस पाठलाग होणारच. नवा मासा खात असेल आणि पंख शाबूत असतील तर हात घालू नका. टँगमध्ये जुंपली असेल तर काचेला बाहेरून आरसा लावा, जुना टँग आपल्या प्रतिबिंबाशी झुंजतो आणि नव्याला उसंत मिळते. दोन टोकांना नोरीच्या (वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या) पट्ट्या अडकवा. तरीही अंगावर चिरा दिसल्या, किंवा नवा मासा दिवसभर कोपऱ्यात उभा राहून खायला येईना, तर त्रास देणाऱ्याला छिद्रं असलेल्या ॲक्रिलिकच्या पेटीत घालून आठवडाभर टँकमध्येच ठेवा. बाहेर आल्यावर जागेवरचा त्याचा दावा बराच ढिला पडलेला असतो.

तेवढ्यानेही भागलं नाही तर एकाला दुसरं घर शोधा. दुकानदार बहुधा परत घेतो, किंवा मोठा टँक असलेला कोणी ओळखीचा शौकीन. समुद्रात कधीच सोडू नका. अटलांटिकमध्ये मूळचा नसलेला लायनफिश १९८० च्या दशकात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर दिसू लागला. तो टँकमधूनच सुटला असं मानलं जातं, आणि आज तो कॅरिबियनच्या रीफवरचे लहान मासे फस्त करतो आहे.